सापडलं नाही तर थांब

नाकासमोर चालणाऱ्या माणसाला आपल्या सरळपणाचा भारी अभिमान असतो. शेजारी खड्डा आहे की विहीर, हे बघायला तो मान म्हणून वळवत नाही. यादीबाई अगदी तशी. डोळ्यांच्या इस्पितळात रेकॉर्डच्या खोलीत तिची बावीस वर्षं गेली, आणि बावीस वर्षांत तिनं कुणाचं नाव पुढे सरकवलं नाही की मागे ढकललं नाही. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. बाकी शिपायापासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ती यादीबाई.

यादी कसली, तर बुबुळांची. ज्यांचं बुबुळ पांढरं पडलंय त्यांनी नाव लावायचं आणि वाट बघायची. कुणीतरी मरताना डोळे देऊन जातं, मग इथे एकाचा नंबर लागतो. पूर्वी ही यादी जाडजूड रजिस्टरात असे. त्यात काय काय चालायचं ते विचारू नका! दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं बारीक अक्षरात नावं घुसायची. कुणाचा मेहुणा, कुणाच्या साहेबाची सासू. यादीबाई ते बघायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. शेवटी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिनं संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. वर्गात सगळी तिच्या निम्म्या वयाची. एकानं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, मुलाला न्यायला आलात का?" काकूंनी त्याच्याकडे फक्त बघितलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक पिशवीत घालून ती सात महिने गेली, आणि आठव्या महिन्यात तिनं यादीचा प्रोग्रॅम स्वतः लिहून इस्पितळाला दिला.

प्रोग्रॅम साधा होता. एक लांबलचक रांग, आणि रांगेत एकापुढे एक कप्पे. एका कप्प्यात एक पेशंट: त्याचा नंबर, नाव, तारीख आणि शेरा. नवा माणूस आला की त्याचा कप्पा शेपटाला जोडायचा. मधे घुसायला जागाच नाही. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणी गाव सोडून गेलं, कुणी वारलं, तर बाहेरच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनानं त्याचा नंबर टाइप करायचा. प्रोग्रॅम पहिल्यापासून एकेक कप्पा उघडून नंबर जुळवत जाई, जुळला की कितवा कप्पा ते सांगे, आणि त्या कप्प्यातला शेरा बदले. शोधायचं आणि बदलायचं. रोज सकाळी वाट बघणारे तेवढे वेगळे निघत आणि त्यांचा कागद थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर छापून येई. यादीबाईसुद्धा तो कागद बघत नसे. हात नाही, तर दोष नाही, असं तिचं म्हणणं.

घरी ती आणि तिची आई. आईनं जन्मभर शिवणकाम केलेलं, त्यामुळे डोळ्यांची किंमत तिला कुणी सांगायला नको होती. एक डोळा काचबिंदूनं केव्हाच गेला. दुसऱ्यात वर्षापूर्वी जखम झाली, आणि बुबुळ हळूहळू पांढरं होत गेलं. आठ महिन्यांपूर्वी एका बुधवारी यादीबाईनं आईला रिक्षातून आणलं, इतरांसारखं रांगेत उभं केलं आणि इतरांसारखं तिचं नाव लावलं. तेव्हा सगळ्यांना सांगतात तसं आईलाही सांगितलं होतं, की फोन आला की दोन तासांत हजर व्हायचं. आईनं त्याच संध्याकाळी पिशवी भरली. टॉवेल, कंगवा, औषधाच्या बाटल्या, फाइल. पिशवी दाराशी खिळ्याला. दर रविवारी टॉवेल काढून धुवायची, चाचपत घडी घालून परत ठेवायची.

आणि रोज विचारायची, "आला का गं नंबर?"

"येईल."

"जरा बघ ना. तिथंच तर बसतेस."

"आई, ते यंत्र बघतं. मी बघणार नाही. आज नुसतं बघितलं, की उद्या हात लावावासा वाटेल."

"शून्यापासून मोजतो म्हणालीस ना तो तुझा कॉम्प्युटर? पहिल्या आलेल्याला शून्य म्हणणारा! त्याच्यावर कसला भरवसा ठेवतेस, बाई?"

यादीबाई हसायची. पण पंधरा दिवसांपूर्वी तपासणीच्या खोलीतून आई बाहेर आली तेव्हा दोघींनाही हसू आलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बुबुळ कागदासारखं पातळ झालंय. महिन्याभरात नवीन बसलं तर डोळा वाचेल. फुटलं, की मग नवीन बसवूनही उपयोग नाही. तेव्हापासून यादीबाई दिवस मोजत होती. पण कप्पा उघडायचा नाही म्हणजे नाही.

एका मंगळवारी सकाळी साडेनऊला कारखान्यात लेथ मशीनवर काम करणारा एक लेथवाला तिच्या दारात येऊन उभा राहिला. खिडकीवरून त्याला हाकलला होता म्हणून आत आला. हाताच्या रेषांत काळं तेल, उजवा डोळा पांढरा.

"बाई, माझं ऑपरेशन झालंय म्हणतात."

"मग बरं झालं की."

"काय बरं झालं? हा बघा झालेला डोळा!" त्यानं बोटानं खालची पापणी ओढून दाखवली. "आठ महिन्यांपूर्वी झालं म्हणतात. मला कसं नाही कळलं? मी झोपलो होतो का?"

यादीबाई म्हणाली, "यंत्र चुकत नाही. कुणीतरी चुकीचं टाइप केलं असणार."

खिडकीवाल्यानं तिकडूनच कानावर हात ठेवले. "मी नाही बुवा! आला नंबर की टाकतो, दुसरं मला काही ठाऊक नाही."

त्याची चूक पकडायची म्हणून यादीबाईनं त्या दिवसाची फाइल काढली. खिडकीवर कुणी काय टाइप केलं ते सगळं प्रोग्रॅम वेळेसकट टिपून ठेवत असे. लेथवाल्यानं नाव लावलं तो सोमवार. त्या दुपारी एक नोंद होती, 'ऑपरेशन झालं'. पण नंबर लेथवाल्याचा नव्हता. जुन्या रजिस्टरातला, पुढे अक्षर असलेला नंबर होता. असे जुने पेशंट या यादीत आलेच नव्हते, त्यांचा हिशेब रजिस्टरातच होता. मग नसलेल्या माणसाचा शेरा या माणसाच्या कप्प्यात गेला कसा?

तिनं प्रोग्रॅम उघडला. शोधायचा भाग वाचला, बरोबर होता. नंबर सापडला तर कितवा कप्पा ते सांगायचं, सापडलाच नाही तर 'उणे एक' सांगायचं. त्याच्या खाली दोन ओळी असायला हव्या होत्या. उणे एक आलं तर 'हा नंबर यादीत नाही' असा संदेश दाखव, ही एक. आणि तिथंच थांब, पुढे काही करू नको, ही दुसरी. तिथे दोन्ही नव्हत्या.

आणि तिला तो सोमवार आठवला. खिडकीसमोर दारापर्यंत रांग, जुन्या नंबरांची माणसं एकामागून एक, आणि दर वेळी तो संदेश पडद्यावर येऊन बसतोय. खिडकीवाला ओरडला होता, "अहो बाई, हे तुमचं नाही-नाही बंद करा! लोक माझा जीव घेतील!" तिनं उभ्याउभ्या ओळी खोडल्या होत्या. एक खोडायची होती, दोन खोडल्या. मग चार नंबर टाकून तपासलं होतं. चारही यादीतले होते, त्यामुळे चारही बरोबर सापडले. आपण हुशार आहोत या आनंदात ती चहाला गेली होती.

आता कॉम्प्युटरच्या त्या भाषेत उणे एकचा अर्थ काय, हे तिला क्लासच्या दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं. पुढून मोजायचं तर शून्यापासून. शेवटाकडून मोजायचं तर उणे एक म्हणजे शेवटचा कप्पा. म्हणजे जो माणूस सापडला नाही, त्याचा शेरा त्या क्षणी रांगेत जो शेवटी उभा असेल त्याला चिकटला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. ज्यानं नुकतंच नाव लावलं, ज्याचा कुणाशी काही संबंध नाही, तो बसला मरून.

"काय झालं बाई?" लेथवाल्यानं विचारलं.

"बाहेर बाकावर बसा," ती म्हणाली.

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, आजचा कागद वापरू नका, यादीत चूक आहे. मग आठ महिन्यांच्या फायली घेऊन बसली. टाइप केलेला प्रत्येक नंबर, तो यादीत आहे का, नसेल तर त्या वेळी शेपटाला कोण होतं. एकतीस. एकतीस माणसं. कुणी 'गाव सोडून गेले', कुणी 'नको म्हणाले', कुणी 'ऑपरेशन झालं'. सगळी वाट बघत घरी बसलेली, आणि फोन येणार नाही हे ठाऊक नसलेली. बरं, त्यांच्यानंतर आलेल्या कितीतरी जणांना बुबुळं बसूनसुद्धा गेली होती.

एकतिसांतली पहिली ओळ लेथवाल्याची होती. दुसरी नोंद त्याच आठवड्यातल्या गुरुवारची. कुणाच्या तरी मुलानं फोन करून कळवलं होतं की वडील गेले. जुना नंबर. शेरा, 'मयत'. गुरुवारी सकाळी शेपटाला कोण होतं?

बुधवारी तिनं स्वतःच आणलं होतं.

यादीबाई उठली, दार लावलं, परत बसली. आठ महिने आई रोज विचारत होती, आणि आठ महिने ती मेलेली होती. यादीबाईच्याच यादीत, यादीबाईच्याच हातानं. आई दर रविवारी टॉवेल धूत होती! एकदा, फक्त एकदा नंबर टाकून बघितलं असतं तर? दहा सेकंदांचं काम. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इतका?

पावणेअकराला तिनं एकतीसही कप्पे हातानं उघडून सगळीकडे पुन्हा 'वाट बघत आहे' लिहिलं. दोन्ही ओळी परत घातल्या. नवीन कागद काढला. पहिला लेथवाला, दुसरी आई. दोघांच्या तारखांत दोन दिवसांचं अंतर.

अकराला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "झाली का दुरुस्त यादी? एक बुबुळ आलंय. पहिलं नाव सांगा, लवकर."

दाराच्या काचेतून लेथवाला दिसत होता. गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याचा डावा डोळा धडधाकट होता. त्या डोळ्यानं तो घड्याळ बघत होता, ये-जा करणाऱ्या बायका बघत होता, सगळं जग बघत होता. आणि घरी आईला समोर कोण उभं आहे हे आवाजावरून कळत होतं. काय बिघडणार होतं? त्याचा कप्पा उद्या दुरुस्त केला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आठ महिने थांबला तो आणखी आठ दिवस थांबला असता. त्यानं तर तक्रारसुद्धा केली नसती, उलट पाया पडला असता.

"बाई? ऐकताय ना?"

यादीबाईनं लेथवाल्याचं नाव सांगितलं. तो इथेच बाहेर बसलाय, असंही सांगितलं. मग म्हणाली, "आणि डॉक्टरीणबाई, दुसरं नाव आहे ना, ते..."

"दुसरं कशाला? बुबुळ एकच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

परत फोन करता आला असता. रिसीव्हर हातातच होता. दुसरं नाव माझ्या आईचं आहे, तिला दुसरा डोळा नाही, तिचं बुबुळ फुटायला आलंय, एवढी तीन वाक्यं. पण ती बोलायची म्हणजे ओळींच्या मधे पेन्सिलीनं नाव घालायचं, असं तिला वाटलं. तिनं रिसीव्हर ठेवून दिला. लेथवाल्याला आत नेलं तेव्हा तो वळून म्हणाला, "बाई, देव तुमचं भलं करो." तिला तिथंच रडू फुटलं, आणि त्या भल्या माणसाला वाटलं ही आपल्यासाठीच रडतेय.

दुपारी तिनं घडलं ते सगळं कागदावर लिहून इस्पितळाच्या साहेबांकडे दिलं. खिडकीवाला मागून येऊन म्हणाला, "माझं पण नाव घाला त्यात. बंद करा म्हणून मीच बोंबललो होतो." तिनं घातलं नाही. म्हणाली, "तुम्ही ओरडलात. खोडलं मी."

घरी आल्यावर चपला न काढताच ती आईसमोर जमिनीवर बसली.

"आई, तुझं नाव यादीत होतं. पण पुढे मयत लिहिलं होतं. आठ महिने."

आई म्हणाली, "अगं बाई! म्हणजे रोज तुझ्याशी बोलतंय ते कोण? माझं भूत?"

"हसू नको गं. चूक माझी आहे. माझ्या हातची."

"चूक कुणाकडून होत नाही? मीही एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या." आईनं हात पुढे करून तिचं डोकं शोधलं, केसांवर हात ठेवला. "पण मी रोज विचारत होते गं. बघ म्हणत होते."

"मला वाटायचं, बघितलं तर वशिला होईल."

"आईला शोधणं म्हणजे वशिला?" आईचा हात तिच्या केसांत तसाच थांबला. "पुढे ढकल असं मी कधी म्हटलं का? आहे का तेवढं बघ म्हटलं. हरवलेल्या छत्रीला माणूस शोधतो गं."

मग आईच म्हणाली, "किती जण आहेत आता माझ्या पुढे?"

"कुणी नाही. तूच पहिली."

"मग झालं तर! उठ, चपला काढ. पिशवीतल्या बाटल्या जुन्या झाल्या असतील, त्या बदल."

त्यानंतरचे दिवस यादीबाईनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. सकाळी आल्याआल्या ती आईचा नंबर टाके. आता टाकायला काही लाज उरली नव्हती. पडदा सांगे, सापडलं, वाट बघणाऱ्यांत शून्य. तरी ती दुपारी परत टाके, संध्याकाळी परत. फोन वाजला की ती पहिल्याच घंटीला उचले. कुणीतरी मरावं म्हणून आपण वाट बघतोय, हे तिला कळत होतं, आणि त्याचीही तिला शिसारी येत होती. चौथ्या दिवशी तिनं धीर करून डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या उठूनच उभ्या राहिल्या. "अहो, मग त्याच दिवशी का नाही बोललात? तातडीचा शेरा मारायचा अधिकार मला आहे! दुसरा डोळा नसलेला पेशंट मी आधी घेतला असता. त्याला वशिला नाही म्हणत, बाई, त्याला डॉक्टरी म्हणतात!" त्यांनी तिथल्या तिथे शेरा मारला. पण शेरा मारून बुबुळ येत नाही.

सातव्या दिवशी सकाळी तोंड धुताना आई ओरडली. गालावर कोमट पाणी आलं, म्हणाली, आणि हे पाणी तांब्यातलं नव्हे. यादीबाईनं पिशवी खिळ्यावरून ओढली आणि रिक्षा करून तिला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तासभर प्रयत्न केले. बाहेर येऊन म्हणाल्या, बुबुळ फुटलं, डोळा गेला.

नवव्या दिवशी अकराच्या सुमारास रेकॉर्डच्या खोलीतला फोन वाजला.

"बुबुळ आलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग हळू आवाजात, "आईंचं नाव अजून वर आहे, बाई. तेवढं... तुम्ही करता की मी दुसऱ्या कुणाला सांगू?"

"मी करते," यादीबाई म्हणाली.

तिनं आईचा नंबर टाइप केला. सापडलं, वाट बघणाऱ्यांत शून्य. शेऱ्याच्या जागी तिनं 'गरज उरली नाही' लिहिलं. 'बदल करू?' प्रोग्रॅमनं विचारलं. हा प्रश्न तिनंच परवा घातला होता, पुन्हा घाईत काही होऊ नये म्हणून. ती त्या प्रश्नाकडे बघत राहिली. खिडकीवाला दारात येऊन उभा होता. शेवटी तिनं बटण दाबलं आणि पुढचं नाव फोनवर वाचून दाखवलं. शाळेत शिकवणारी एक बाई होती.

संध्याकाळी घरी आई पट्टी बांधून खाटेवर बसली होती. दाराशी खिळ्याला पिशवी तशीच होती.

"आलं ना आज?" आईनं विचारलं. पावलांवरून तिला कळलं असावं.

"आलं."

"माझ्या जागी कोण गेलं?"

"एक मास्तरीण आहे. तुझ्या मागेच होती."

"तिच्या मागे कोण आहे?"

"का गं?"

"जो कुणी असेल त्याला फोन कर," आई म्हणाली. "सांग, रोज येऊन विचारत जा म्हणावं. कुणी हसलं तरी विचार. आणि तो टॉवेल काढ आता पिशवीतला, हात पुसायला होईल."